लिहून देणार, लिहून घेणार

कोणत्याही मराठी खरेदीखताच्या पहिल्या पानावर दोन पक्ष भेटतात : ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. जमीन विकत घेतो तो लिहून घेणार, विकतो तो लिहून देणार. या दोन्ही पदांत जमीन नाही, पैसा नाही आणि विक्रीही नाही. आहे ते केवळ लेखन. आपल्या भाषेने स्थावराच्या व्यवहाराकडे आधी लेखनव्यवहार म्हणून पाहिले, एवढे तरी यावरून म्हणता यावे. मात्र ज्याला ही भाषा ‘लिहून देणार’ म्हणते, त्याने शतकानुशतके त्या कागदावर एक अक्षरही लिहिलेले नाही. लिहिणारा तिसराच कोणी असे. कधी तो गावचा कुलकर्णी असे, कधी सावकाराचा कारकून, कधी कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेला दस्तलेखक. देणाऱ्याने फक्त खाली निशाणी करायची.

हातकणंगल्यासारख्या तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रोज जे दस्त नोंदले जातात, त्यांच्यामागे हा मोठा इतिहास उभा आहे. ‘वकिलावाचून आपले खरेदीखत आपण लिहावे काय?’ हा प्रश्न आज बहुधा फी वाचवण्याच्या अंगाने विचारला जातो. आम्हांस तो निराळ्या अंगाने विचारावासा वाटतो. आपल्या नावावर जे वाक्य कायमचे उभे राहणार, ते वाक्य आपले असावे की नाही, असा तो प्रश्न आहे.

प्रथम जुन्या शास्त्राकडे पाहू. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख्याचे, म्हणजे दस्ताचे, एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील विचार मुख्यतः ऋणाच्या संदर्भात असला तरी दस्ताची जी रचना सांगितली आहे ती आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल. धनकोचे नाव आधी यावे. वर्ष, महिना, पक्ष, तिथी यावी. नाव, जात, गोत्र, पित्याचे नाव यावे. मजकूर पुरा झाल्यावर ऋणकोने, वर जे लिहिले ते मला मान्य आहे, असे आपल्या हाताने लिहावे. साक्षीदारांनी आपापल्या हाताने साक्ष घालावी, आणि सर्वांत शेवटी लेखकाने, उभयतांच्या विनंतीवरून हे मी लिहिले, असे नमूद करावे. आजच्या दस्तातही लिहून घेणाराचे नाव बहुधा आधी येते, हा क्रम म्हणजे त्या जुन्या वळणाशी असलेले साम्यच होय.

याच प्रकरणात पुढे एक नियम आहे, तो आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. जे लेख्य स्वतःच्या हाताने लिहिलेले असेल ते साक्षीदारांवाचूनही प्रमाण मानावे. अपवाद फक्त बळजबरीचा आणि कपटाचा. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ टीकेत याज्ञवल्क्याचे विवरण केले, आणि पुढे महाराष्ट्रातील न्यायव्यवहारात ती टीका आधारभूत ठरली. स्वहस्ताला एवढी प्रतिष्ठा देणारे शास्त्र आपल्याकडे होते. ज्यांना हाताने लिहिता येत होते ते मात्र मूठभर होते.

मराठेशाहीतील कागद पाहिले की हे अंतर स्पष्ट दिसते. मिरासपत्रे, खरेदीखते, अर्धी पाटीलकी विकल्याचे कागद मोडीत लिहिलेले असत. मजकूर सफाईदार, अक्षर वळणदार, फारसी-अरबी शब्दांची पेरणी जागोजाग; ‘दस्त’, ‘खत’, ‘मिळकत’, ‘कब्जा’ हे शब्द आपल्या व्यवहारात त्याच वाटेने आले. शिवकालात ‘राजव्यवहारकोश’ रचून राज्यव्यवहारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा यत्न झाला, तरी दस्ताच्या भाषेने ते शब्द सोडले नाहीत. या कागदांच्या तळाशी पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहून लहानसा नांगर काढलेला आढळतो. स्त्रीच्या नावापुढे बांगडीची निशाणी येते. लिहिणारा ‘बिकलम’ म्हणून आपले नाव घालतो. एकाच कागदावर एकाची कलम आणि दुसऱ्याचा नांगर! लिहिणाऱ्याचे अवघे कौशल्य मजकुरात उमटलेले, आणि ज्याची जमीन जात आहे त्याच्या वाट्याला चित्राएवढी जागा. त्या चित्राला सौंदर्य आहे, पण वर काय लिहिले आहे हे त्या चित्राला वाचता येत नव्हते.

जोवर गावात तोंडी शब्दाला आणि चार पंचांच्या आठवणीला किंमत होती, तोवर हे अंतर काही अंशी भरून निघे. इंग्रजी अमलात ते रुंदावले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने असा दंडक घातला की व्यवहाराच्या अटी एकदा दस्तात उतरल्या की त्यांच्याविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालणार नाही. नियम तत्त्वतः चोख; पण तो लेखनाला बोलण्यापेक्षा श्रेष्ठ ठरवत होता, आणि लेखन एका पक्षाच्या हाती होते. सावकार तोंडाने म्हणे, पैसे फिटले की जमीन तुझी तुला. कागद मात्र कायम खरेदीचा होई. गहाणाला खरेदीचा वेष देणारे हे व्यवहार ‘मुदत खरेदी’, ‘नावाची खरेदी’ अशा शब्दांनी आजही खेड्यात ओळखले जातात.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराकडील खते आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा त्यांचा उद्देश, असे चौकशी आयोगालाही दिसले. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली ही आख्यायिका येथे आठवते. तेथे खतांचा धनी आपण होऊन ती बुडवतो. सुप्यात ती जाळणारे ऋणको आहेत. खत वाचता येत नसेल तर ते नष्ट करणे हाच एक मार्ग उरतो, हे दोन शतकांनंतरचे कडवट वास्तव.

सरकारने काढलेला उपाय उद्बोधक आहे. १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीच्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत ‘ग्राम निबंधक’ नेमण्याची तरतूद केली. शेतकऱ्याचे कर्जाचे खत या निबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेले असले तरच ते पुराव्यात घ्यायचे. म्हणजे लेखणी सावकाराच्या कारकुनाकडून काढून सरकारने आपल्या माणसाच्या हाती दिली. शेतकऱ्याच्या हाती ती द्यावी, हा विचार त्या कायद्यात नव्हता. तो विचार १८८३ साली पुऱ्या झालेल्या जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात आहे. फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ शेवटी अविद्येत शोधले, आणि कुळकर्णी, सावकार, कचेरी यांच्या कागदी जाळ्याचे वर्णन त्याच अंगाने केले. साहित्याच्या वर्गात आपण ‘असूड’ सामाजिक निबंध म्हणून शिकवतो. दस्तांच्या व्यवहाराची चिकित्सा म्हणूनही तो शिकवायला हवा.

आता हातकणंगल्याकडे वळू. हा मुलूख कोल्हापूर संस्थानाचा; इंग्रजी जिल्ह्यांपुरता केलेला १८७९ चा कायदा येथे नव्हता. १८८६ च्या गॅझेटियरमध्ये हा भाग ‘आळते’ पेट्याच्या नावाने येतो. उत्तरेस वारणा, दक्षिणेस पंचगंगा. पेठ वडगावची बाजारपेठ, हुपरीची चांदी, इचलकरंजीची घोरपड्यांची जहागीर आणि तेथील माग. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली ती हातकणंगल्यावरूनच गेली. जेथे पेठ असते, रूळ येतात, बागायत वाढते, तेथे जमिनीचे हात बदलतात आणि दस्त वाढतात.

या मुलखात लेखणीचा प्रश्न छत्रपती शाहूंनी दोन बाजूंनी हाताळला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा संस्थानात झाला, आणि १९१८ साली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले गेले. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत सापडतात. आम्हांस त्या एकाच कामाची दोन टोके वाटतात. गावचा कागद लिहिण्याचा वंशपरंपरागत हक्क एका बाजूने संपवायचा, आणि दुसऱ्या बाजूने तो कागद वाचू शकणारी पिढी उभी करायची. त्यांनी अस्पृश्य समाजातील लोकांना वकिलीच्या सनदाही दिल्या, हे याच ओघात लक्षात घ्यावे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले (१८८७) ते याच तालुक्यातील कुंभोजला, आणि ‘टारफुला’कार शंकर पाटील याच तालुक्यातील पट्टण कोडोलीचे. गावातील सत्ता कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न एकाने शाळेतून आणि दुसऱ्याने कादंबरीतून हाताळला.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि देशाचे सर्वसाधारण कायदे येथेही आले. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो की शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो की असा दस्त करून दिल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस हजर करावा. दस्त वकिलानेच लिहावा असे यांपैकी कोणताही कायदा म्हणत नाही. हक्क आहे, तो वापरला फारसा जात नाही.

याचे एक कारण दस्ताच्या भाषेत आहे. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’ असा आरंभ झाला की सामान्य वाचक दबतो. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’, ‘तदंगभूत वस्तूंसह’, ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ अशी नादमधुर पदे येत राहतात आणि हा मजकूर आपल्याला जमणार नाही, अशी त्याची खात्री पटते. ही पदे जुन्या इनामपत्रांतून उतरली आहेत. राजा गाव इनाम देताना निधी म्हणजे पुरलेले धनही देऊ शकत होता. आज अडीच एकर ऊस विकणारा शेतकरी ते देऊ शकत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. पद मात्र एका संगणकातून दुसऱ्या संगणकात नकलून जात राहते. उलट ज्यावरून खरोखर भांडणे होतात ते त्या पदात नसते : विहिरीतील हिस्सा किती आणि पाण्याची पाळी कोणाची, मोटर आणि पाइपलाइन व्यवहारात आहे की नाही, वाट कोणाच्या बांधावरून जाते, उभा ऊस कोणी तोडायचा. हे लिहायला अलंकार लागत नाहीत. ते त्या शेताच्या धन्याला दस्तलेखकापेक्षा अधिक ठाऊक असते.

आमचे म्हणणे येथे येऊन ठेपते. खरेदीखतात दोन प्रकारचे ज्ञान लागते. एक कायद्याचे, ते बाहेरून मिळते. दुसरे त्या जमिनीचे, ते फक्त दोन पक्षांकडे असते. नमुन्यावर बेतलेल्या दस्तात पहिले असते आणि दुसरे गळते. स्वतः लिहायला बसणाऱ्याला दुसरे आठवावेच लागते.

कायद्याचे ज्ञानही आपण समजतो तितके गूढ नाही, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तर त्याची वाट व्याकरणातून जाते. साठेखत आणि खरेदीखत यांतला भेद पाहा. साठेखत भविष्यकाळात असते : अमुक रक्कम मिळाल्यावर खरेदीखत करून देईन. खरेदीखत झालेल्या क्रियेत बोलते : मोबदला मिळाला, मिळकत कायम खरेदी दिली. १८८२ चा कायदा स्पष्ट सांगतो की विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. काळ चुकला की दस्ताची जात बदलते. साठेखतात ‘कब्जा आज दिला’ एवढे एक भूतकाळी वाक्य आले, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे त्यावर खरेदीखतासारखे मुद्रांक शुल्क लागू शकते. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे ‘विक्री’ करण्याची वाट तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात बंद केली. अशा कागदांनी मालकी जात नाही. आणि मुदत खरेदीविषयी १९२९ च्या दुरुस्तीने सांगून ठेवले आहे की जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. म्हणजे ‘तोंडी ठरले आहे’ या शब्दांना १८७५ साली जेवढी किंमत होती, त्याहून आज अधिक नाही.

लिहिताना क्रम सरळ ठेवावा. तारीख आणि पक्षांची पूर्ण ओळख, मिळकतीचे वर्णन, म्हणजे गाव, गट नंबर, क्षेत्र, आकार आणि पूर्वेपासून उत्तरेपर्यंतची चतुःसीमा, ही मिळकत देणाऱ्याकडे कशी आली त्याची हकिकत, मोबदला किती आणि तो कोणत्या तारखांना कसा पोचला, कब्जा केव्हा दिला, बोजा नसल्याची हमी, आणि असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख, शेवटी सह्या. खाडाखोड, ओळींमधली भर किंवा कोरी जागा राहिली तर तेथे करून देणाराची सही हवी, नाही तर निबंधक दस्त नाकारू शकतो. जे लिहायचे राहील त्यातले बरेच कायदा स्वतः भरून काढतो : मालकीतील महत्त्वाचा दोष सांगणे, कागदपत्रे दाखवणे ही विकणाऱ्याची कर्तव्ये दस्त गप्प असला तरी असतात. शुल्क मात्र मोबदला आणि शासनाने ठरवलेले बाजारमूल्य यांत जे अधिक असेल त्यावर पडते, तेव्हा कागदावर किंमत कमी दाखवण्याने काही साधत नाही. पुढे वाद झाला तर कमी लिहिलेली रक्कमच आपल्याविरुद्ध उभी राहते.

आता लेखनाच्या मर्यादा. कितीही नेटके वाक्य लिहिले तरी जो हक्क देणाऱ्याकडे नाही तो वाक्याने निर्माण होत नाही, आणि दस्त नोंदणारा निबंधकही मालकीची ग्वाही देत नाही. दस्त त्याच माणसाने करून दिला एवढेच तो पाहतो. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, वतनाची असेल, तर पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येते की नाही, हे १९४८ चा कुळकायदा ठरवतो. तुकडा पडतो की नाही, ते १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा व त्याच्या पुढील दुरुस्त्या. सातबारावर भावांची नावे आहेत पण बहिणींची नाहीत, अशा वडिलार्जित जमिनीत २००५ च्या वारसा दुरुस्तीने मुलींना जन्मतः मिळालेला हक्क उभा असतो. या जागी वकील हवाच. पण तो लिहिण्यासाठी कमी आणि वाचण्यासाठी अधिक हवा : जुने दस्त, फेरफार नोंदी, सूची क्रमांक दोनचे उतारे वाचून धोका कोठे आहे हे सांगण्यासाठी. ते कळल्यावर मसुदा आपण करावा आणि त्याला तो दाखवावा. आज बहुतेक ठिकाणी उलटे घडते. मसुदा दुसरा करतो, आणि आपण तो वाचतही नाही.

एक शेवटचा तपशील. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून एका कराराच्या मागे हाताच्या पंजाचा ठसा घेतला. बोटांच्या ठशांच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ अनेकदा येथून सांगतात. पुढे अंगठा हे निरक्षराचे चिन्ह झाले आणि ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी. २००१ च्या दुरुस्तीपासून मात्र नोंदणीच्या वेळी प्रत्येकाचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे दस्तावर घ्यावे लागतात; स्थावराच्या विक्रीत ते दोन्ही पक्षांचे असतात. प्राध्यापक असो वा शेतमजूर, अंगठा सर्वांना उठवावा लागतो. तेव्हा दस्तावरच्या अंगठ्यावरून आता कोण साक्षर हे कळत नाही. वरचा मजकूर ज्याने समजून घेतला तो साक्षर, एवढीच कसोटी उरते.

मराठीच्या वर्गात आपण ताम्रपट शिकवतो, बखरीतील पत्रे शिकवतो, मोडीचे पाठ घेतो. विद्यार्थ्यांच्या घरच्या पेट्यांत मात्र आजोबा-पणजोबांची खरेदीखते न वाचलेली पडून असतात. एक तास त्यांतले एखादे खत वर्गात आणून ओळीओळीने वाचावे : लिहिणारा कोण, निशाणी कोणाची, काय दिले, काय राखले, कोणती अट तोंडीच राहिली. आणि मग विद्यार्थ्यांना, आपल्याच घराच्या चतुःसीमा घालून, एक खरेदीखत साध्या मराठीत लिहायला सांगावे. पहिल्या प्रयत्नात पुष्कळांची उत्तरेची सीमा अडेल. तेथून शेजाऱ्याला विचारायला उठणे हाही त्या लेखनाचाच भाग आहे.